मागचं चाक

वासू तांडेल गॅरेजात आला
तेव्हा मी एका स्कूटरचं कार्बोरेटर धूत होतो.
चपला बाहेर काढल्या त्याने, देवळाबाहेर काढाव्यात तशा,
आणि ताडपत्रीखाली काय आहे ते विचारलं नाही.
म्हणाला,
"मिस्त्री, ब्रेक गेल्लो हुतो असा लिवन दी माका."

हवालदार संध्याकाळी यायचा होता माझा जबाब घ्यायला.

"तुझ्या कागदान माझो झील परत येवचो नाय,
म्हायत आसा माका.
पण तेच्या आवशीक मी काय सांगू?"

हातावरचं पेट्रोल सुकत होतं.
सुकताना ते थंड लागतं.

गौरेशची गाडी मी आदल्या दिवशीच उघडली होती.
पुढचे शॉकअप कोंबडीच्या मानेसारखे मुरगळलेले,
टाकीवर चिऱ्याची लाल धूळ,
आणि सीटखाली, पान्यांच्या जागी,
गोळ्यांची एक पट्टी.
दहा कप्पे. आठ फुटलेले.
ती मी वायसरच्या डब्यात तळाशी सारली
आणि वर वायसर ओतले.

रस्ताही पाहून आलो होतो.
मिठबावच्या उताराला, काजूच्या बागेतून सुटलेला रस्ता
खाडी दिसताच डावीकडे वळतो,
तिथे रबराची एक रेघ नव्हती.
घाबरलेला माणूस रस्त्यावर लिहून जातो,
दोन हात, चार हात, काळं, वाकडंतिकडं.
गौरेशने काहीच लिहिलं नव्हतं.
वळण आलंय हे त्याच्यापर्यंत पोचलंच नसावं,
किंवा पोचलं असेल लांबच्या होडीवरची हाक पोचते तसं:
तोंड हललेलं दिसतं आधी,
आवाज मागून येतो,
तोवर लाट आपलं काम करून गेलेली.

हे एका तांडेलाला मी सांगणार?

आणि दुसरं.
त्या संध्याकाळी गाडी त्याने माझ्याकडूनच नेली.
चेन ताणून दिली होती, चाळीस रुपये.
किल्ली लावताना तीनदा चुकला.
चौथ्यांदा टाकीच्या झाकणावर घासत राहिला.
"मिस्त्री, भोक खय गेला?" म्हणाला आणि हसला.
मीही हसलो.
डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे,
शब्द ओल्या वाळूतून पाय उपसत येणारे.
मला वाटलं, रात्रभर बोटीवर होता, झोप झाली नसेल.
खोटं. तसं वाटून घेतलं.
अजून दोन गाड्या संपवायच्या होत्या मला.
किल्ली मीच लावून दिली.
किकही मीच मारली.

तांडेल उठला. ताडपत्री स्वतःच ओढली.
पुढच्या बाजूकडे बघितलं नाही.
मागचं चाक स्टँडवर अधांतरी होतं,
ते हाताने फिरवलं. जाळं फेकणारा हात तो,
चाक गरगरलं.
ब्रेक दाबला.
थांबलं.
पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं.
तिसऱ्या वेळी अगदी हळू दाबला,
जणू चाकाला सवड देत होता
न थांबण्याची.
थांबलं.

"बरो आसा," म्हणाला.
डावी चप्पल उजव्या पायात घालून
बंदराकडे चालत गेला.

किल्लीचं मी बोललो नाही.
हवालदारालाही नाही.
ब्रेक ठीक होते, एवढंच. खाली सही.

आता गॅरेजच्या दाराला एक जुनं पितळी कुलूप टांगलेलं असतं.
संध्याकाळी गाडी न्यायला येईल त्याच्या हातात
आधी त्या कुलपाची किल्ली देतो.
उघडून दाखव, मग गाडी.
पोरं म्हणतात, मिस्त्रीचाच नट ढिला झालाय.
उघडतात, हसतात, जातात.

परवा एकाला फार वेळ लागला.
मला शिव्या दिल्या त्याने, मग पायरीवर बसून रडला,
मग अंधारात चालत गेला, घराच्या उलट दिशेने,
आणि मग वळून, बरोबर दिशेने.
त्याची गाडी अजून आत आहे.
चेन ताणून ठेवलीय.
चाळीस रुपये यायचेत.